गेम चालू असताना पीसी एकदम बंद पडतो: ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस की आणखी काही? (अकोला)

पूर्णाकाठचा:

नमस्कार राजेहो. हिवाळ्यात जमवलेला पीसी होळीपर्यंत मस्त चालला, आता मे महिन्यात जीव खातोय. लांबलचक लिहितोय, कारण अर्धवट सांगितलं की पहिले चार प्रतिसाद "कॉन्फिग टाका" एवढेच येतात.

रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) आणि १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कार्ड सेकंडहँड, बाकी सगळं नवं. प्रोसेसर आणि बोर्ड मामेभावाने लॅमिंग्टन रोडवरून आणून दिले, कॅबिनेट आणि एसएमपीएस इथलेच. मॉनिटर २४ इंची, १४४ हर्ट्झ. सगळं ६०० व्हीएच्या यूपीएसवर आहे. हा यूपीएस घरातल्या जुन्या ऑफिसकामाच्या पीसीचा, बॅटरी तेवढी नवीन टाकली.

होतं असं की सायबरपंक लावला की कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने सगळं एकदम काळं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, आवाज अडकत नाही, थेट अंधार. कधी आपोआप परत सुरू होतो. कधी बटण दाबत बसलो तरी पंखासुद्धा हलत नाही, आणि मग पाच-दहा मिनिटांनी काही न करता चालू होतो. व्हॅलोरंटला हे क्वचितच होतं. ब्राउझर, पिक्चर, एक्सेल चालू असताना कधीच नाही. दुपारी बहुतेक वेळा धकून जातं, संध्याकाळी सातनंतर मात्र हमखास.

गरम होत असेल म्हणाल तर एचडब्ल्यूइन्फोची (तापमान नोंदवणारा प्रोग्राम) लॉग फाइल ठेवली आहे. प्रोसेसर ७८, कार्ड ८०, आणि बंद पडायच्या शेवटच्या ओळीपर्यंत आकडे तेवढेच. बाहेर ४४ आहे, पण खोलीत कूलर असतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद. डीडीयूने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाकला, विंडोजही नव्याने टाकली. काडीचा फरक नाही.

आणखी दोन गोष्टी. अनवाणी उभा राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावलं की मुंग्या येतात. शॉक म्हणण्याइतकं नाही, पण झिणझिणतं. दुसरं म्हणजे मागच्या महिन्यात पीसी उचलून पुण्याला मावसभावाकडे नेला होता, कोथरूडला. तिथे रात्रभर सायबरपंक चालवला, एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, संध्याकाळी लावला, गेला!

इथला दुरुस्तीवाला म्हणतो कार्ड मायनिंगचं (क्रिप्टो नाणी काढायला राबवलेलं) आहे, मेलं, दुसरं घ्या. ज्याच्याकडून एसएमपीएस घेतला तो म्हणतो कंपनीला पाठवू, तीन आठवडे धरून चाला. आईचं म्हणणं, गेमच कशाला पाहिजे. पैसे मी एकदाच खर्च करू शकतो. कशावर करू?

(यूपीएस मधूनमधून टुंई टुंई करतो, पण तो आधीच्या पीसीवरही करायचा. हेडफोन लावले की ऐकूही येत नाही.)


फ्रेमरेट_पुणे:

कर्नल-पॉवर ४१ आणि निळी स्क्रीन नाही, म्हणजे एसएमपीएस. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. ३० सिरीजची कार्डं सरासरी १७० वॅट खात असली तरी मिलिसेकंदाच्या आत बरीच वर झेप घेतात, आणि साधा एसएमपीएस त्या झेपेला घाबरून स्वतःला बंद करतो. एटीएक्स ३.० हे एसएमपीएसचं मानक २०२२ मध्ये आलं ते मुख्यतः याचसाठी. ७५० वॅटचा गोल्ड घेऊन टाका, पुढे कार्ड बदललं तरी चालेल.

जाता जाता टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. २१३३ किंवा २४०० दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू केलेलं नाही. रायझनला रॅमच्या वेगाचा चांगलाच फरक पडतो. आणि पट्ट्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. शेजारी-शेजारी असतील तर ड्युअल चॅनलला मुकलात.


नागपूरकरीण:

एसएमपीएसचं जाणकार बघतील, मी फक्त कूलरबद्दल बोलते, कारण इकडे विदर्भात मे महिन्यात पीसीचा अर्धा प्रश्न कूलरचाच असतो. तुमचा कूलर थेट कॅबिनेटवर मारा करतोय का? ताट्यांवर पाणी जास्त सुटलं की बारीक तुषार हवेबरोबर आत येतात. त्यात तुम्ही पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातले, तिथलं बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं तर जाळीवर पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिलाच असेल. तोच थर बोर्डवर बसावा असं कुणाला वाटेल? कूलर खिडकीबाहेर, पीसी त्याच्या झोताच्या आडोशाला आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद ठेवली तर खोली नुसती दमट होते, थंड होत नाही. शक्य असेल तर टाकीत नळाचं पाणी घाला.

बाकी तुमचे आकडे ठीक आहेत. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० आहे, ३०६० ची ९३. आणि गरम झाल्यावर दोघंही आधी वेग कमी करतात, फ्रेम पडायला लागतात. इथे तसं काही झालेलं दिसत नाही.


कॅफेवाला_लातूर:

पूर्णाकाठच्या भाऊ, अजून काहीही विकत घेऊ नका. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही शेवटी कंसात टाकलंय.

मी लातूरला सायबर कॅफे चालवायचो. भारनियमनाचा तो काळ आठवत असेल तर सांगायला नको, संगणक कमी आणि यूपीएस जास्त उघडले मी. पुढे कॅफे मोबाइलने खाल्ला, आता वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं घेतो. त्यामुळे कॅबिनेटचा स्क्रू काढायच्या आधी भिंतीतल्या सॉकेटकडे बघायची खोड लागली आहे. इथे बहुतेक जण प्रोसेसरपासून सुरू करून बाहेर येतात, मी भिंतीपासून सुरू करून आत जातो. आत जायची वेळ फार कमी येते.

आज संध्याकाळी एक करा. हेडफोन काढा, स्पीकरवर खेळा, आणि बंद पडला त्या क्षणी मॉनिटरच्या पॉवरच्या दिव्याकडे बघा. दिवा चालू राहून पडद्यावर "नो सिग्नल" आलं तर दोष कॅबिनेटच्या आत आहे, मग कार्ड आणि एसएमपीएसवर बोलू. मॉनिटरचा दिवाही गेला तर दोष बाहेर आहे. मॉनिटरला त्याची वेगळी वायर आहे. कार्ड मेलं काय, एसएमपीएस दमला काय, मॉनिटरची वीज जायचं कारण नाही. दोघं एकदम गेले तर दोघांना वीज देणारा गेला. तुमच्याकडे तो म्हणजे यूपीएस.

माझी पैज यूपीएसवर का आहे ते सांगतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. मागचं स्टिकर बघा, ३६० वॅट किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असेल. आता तुमचा हिशोब लावा. प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणतात, पण जोरात असताना ७६ पर्यंत जातो. कार्ड १७०. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीसेक धरा. झाले २८५ च्या पुढे. एसएमपीएसची स्वतःची गळती धरली की भिंतीतून ३३०-३४० ओढले जातात. मॉनिटर आणि स्पीकर आले की यूपीएसच्या मर्यादेला टेकलात, आणि कार्डाने ती वर सांगितलेली झेप घेतली की पलीकडे गेलात. जुन्या ऑफिसच्या पीसीला शंभर-सव्वाशे वॅट लागत असतील, त्याला हा यूपीएस भरपूर होता.

मग दुपारी का चालतो? कारण लाइट नीट असते तेव्हा हा यूपीएस बाहेरची वीज जवळजवळ तशीच पुढे ढकलतो, बॅटरीला हात लावत नाही. संध्याकाळी सातनंतर तुमच्या गल्लीत काय होतं? सगळे घरी येतात, कूलर, एसी, पाण्याच्या मोटारी एकदम सुरू. ट्यूब फडफडते का, पंखा मंदावतो का ते बघा. व्होल्टेज खाली आलं की यूपीएसमधला रिले टक् करून आधी बूस्ट लावतो. आणखी खाली गेलं की तो लाइट गेली असं समजून बॅटरीवर जातो आणि टुंई टुंई करतो. त्या वेळी तुम्ही एक्सेलमध्ये असाल तर बॅटरी शंभर वॅट आरामात ओढते, तुम्हाला फक्त टुंई ऐकू येतं. सायबरपंकमध्ये असाल तर साडेतीनशेचा बोजा एकदम बॅटरीवर येतो, यूपीएस ओव्हरलोड म्हणून बाहेरचा पुरवठा तोडतो, आणि तुमच्या कानाला हेडफोन. पाच-दहा मिनिटं बटण दाबून काही होत नाही, कारण यूपीएसच बंद बसलाय. व्होल्टेज वर आलं की तो आपोआप उठतो. पीसी त्याच्याबरोबर उठतो की नाही हे बायोसमधल्या "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" या सेटिंगवर. "लास्ट स्टेट" असेल तर बंद पडताना तो ज्या अवस्थेत होता तीच परत येते. तुम्ही मध्येच बटणं दाबता म्हणून कधी असं, कधी तसं दिसतं. ते सेटिंग "पॉवर ऑफ" करा. खालीवर होणाऱ्या विजेत मशीनने स्वतःहून उठणं चांगलं नाही.

बॅटरी नवीन आहे म्हणालात. ती १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड असणार. ४० च्या वर तापलेल्या खोलीत तिचं वय झपाट्याने उतरतं. पण नवीन असली तरी वॅटची मर्यादा बॅटरी ठरवत नाही, आतलं सर्किट ठरवतं.

गंमत अशी की ज्या व्होल्टेजला यूपीएस घाबरतो त्याला तुमचा एसएमपीएस घाबरत नसावा. त्याच्या स्टिकरवर इनपुट १००-२४० लिहिलंय का बघा. असेल तर १७० व्होल्टवरही तो निवांत काम करतो, फक्त करंट जास्त ओढतो. २००-२४० लिहिलं असेल तर मात्र तसं नाही, मग आपण वेगळं बोलू.

म्हणून दुसरी तपासणी: एसएमपीएसच्या स्टिकरवर १००-२४० असेल तरच, पीसीची वायर यूपीएसमधून काढून चांगल्या स्पाइक गार्डमधून थेट भिंतीत घाला आणि संध्याकाळी सायबरपंक चालवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. त्याच दिवशी एक्सएमपी चालू केलं, ड्रायव्हर बदलला, कूलर हलवला तर नेमकं काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही. रॅमचं फ्रेमरेट साहेबांनी बरोबर सांगितलंय, पण ते नंतर.

७५० वॅटच्या गोल्डबद्दल माझं मत वेगळं आहे. ३०६० साठी खुद्द एनव्हिडिया ५५० वॅट सांगते. गोल्ड-ब्रॉन्झ हे किती वीज वाया जाते याचं प्रमाणपत्र आहे, आतले कपॅसिटर आणि संरक्षण किती चांगलं हे त्यातून कळत नाही. कर्नल-पॉवर ४१ चंही तेच. ती नोंद मशीन परत सुरू झाल्यावर होते, आणि तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो. तिच्या तपशिलात बगचेककोड (निळ्या स्क्रीनचा एरर क्रमांक) शून्य असेल तर मरायच्या आधी विंडोजला काही कळलंच नाही. एसएमपीएस गेला तरी शून्य, यूपीएस गेला तरी शून्य, लहान मुलाने स्विच बंद केला तरी शून्य.

कार्डाबद्दल. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंग संपलं आणि जुन्या कार्डांचा बाजारात ढीग आला, म्हणून आता कुठलंही सेकंडहँड कार्ड दिसलं की लोक मायनिंग म्हणून मोकळे होतात. मायनिंगमध्ये राबलेल्या कार्डाचे पंखे खरखरतात, मेमरीवरचे पॅड सुकलेले असतात, पडद्यावर रंगीत चट्टेपट्टे येतात. तुमच्याकडे यातलं काही नाही. आणि खराब कार्ड कोथरूडलाही बंद पडलं असतं, त्याला गाव कळत नाही. तिथे मावसभावाकडे पीसी यूपीएसवर लावला होता का, हे मात्र सांगा.

आता मुंग्या. हा वेगळा आजार आहे, बंद पडण्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही, पण मी तुमच्या जागी असतो तर आधी हाच बघितला असता. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. आतला खरखराट जमिनीत सोडायचं त्यांचं काम. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला जमीनच जोडलेली नसेल तर पत्रा मध्येच लोंबकळतो, २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास. करंट मिलिअँपिअरचाही अंश असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर तिला जायला तुमच्याशिवाय वाट नाही. शिवाय अशा लोंबकळत्या पीसीची एचडीएमआय केबल चालू असताना टीव्हीला लावली तर पोर्ट जळू शकतो.

ओळखीचा वायरमन बोलवा, स्वतः खोलू नका. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखं यायला हवं, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नुसत्या मीटरवर भागत नाही, तुटक्या अर्थिंगलाही मीटर कधी कधी आकडा दाखवतो. त्याला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावायला सांगा. १०० वॅटचा बल्ब तिथे पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थिंग खरं. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर नावापुरतं. घरात आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर या तपासणीत ती पडणारच, घाबरू नका. आणि एक गोष्ट ठासून सांगतो: काही वायरमन "लगेच करून देतो" म्हणत सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. मुंग्या जातात, मीटर छान दिसतो, आणि मागे कुठे न्यूट्रल तुटला तर तुमचं अख्खं कॅबिनेट फेजवर. असं करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. नळाच्या पाइपला वायर गुंडाळणाराही तसलाच.

तुमच्याकडे काळी माती. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो. कोळसा-मीठ घातलेला खड्डा असला तरी मे महिन्यात त्यात पाणी पडायला हवं. घराच्या मागे कुठे आहे ते शोधा आधी. बऱ्याच घरांत तो कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.


फ्रेमरेट_पुणे:

मॉनिटरच्या दिव्याची युक्ती आवडली. तरी संध्याकाळी थेट भिंतीतून लावूनही बंद पडला तर माझा ७५० वॅट टेबलावर आहे हे विसरू नका.


पूर्णाकाठचा:

काका, साष्टांग दंडवत. आता क्रमाने सांगतो.

मावसभावाला विचारलं. त्याच्याकडे यूपीएसच नाही, सोसायटीला जनरेटर आहे म्हणून त्याने घेतलाच नाही. पीसी थेट भिंतीत होता.

काल संध्याकाळी हेडफोन काढून बसलो. साडेसातच्या सुमारास पंखा मंदावला, यूपीएस टक् टक् झाला, मग एक लांबलचक टुंईईई आणि सगळं गेलं. मॉनिटरचा दिवाही. यूपीएसवरचा हिरवा दिवासुद्धा. राउटर मात्र चालू होता, तो वेगळ्या सॉकेटमध्ये आहे. म्हणजे लाइट गेलीच नव्हती. स्टिकरवर ३६० वॅट लिहिलंय, तुम्ही सांगितलं तेवढंच.

एसएमपीएसवर १००-२४० आहे. मग लगेच थेट भिंतीत लावला आणि परत बसलो. मधे पंखा दोनदा मंदावला, ट्यूब फडफडली, पीसी ढिम्म हलला नाही. आज पुन्हा सातपासून जेवणापर्यंत चालवला, चालला. बगचेककोडही पाहिला, सगळ्या नोंदींमध्ये शून्य.

वायरमन आज सकाळी येऊन गेला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवलेली! रंगकामाच्या वेळी कुणीतरी नवीन बोर्ड बसवला होता, तेव्हाची असावी. ती जोडली. टेस्ट लॅम्प लावला तर बल्ब पिवळट, अर्धमेला. खड्डा मागच्या अंगणात तुळशीजवळ निघाला, वर फरशी. वायरमनने फरशी काढून पाइपात बादलीभर पाणी ओतलं, आणि आई म्हणाली, एवढंच होतं तर मी रोज तुळशीला घालतेच की. तासाभराने बल्ब बराच उजळ पेटला. वायरमनच्या मते पाइप गंजलाय, पावसाळ्याआधी नवीन खड्डा करावा. मुंग्या पूर्ण गेल्या.

नागपूरकरीण ताई, कूलर सरकवला. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर पांढरी भुकटी होती, खोटं कशाला सांगू. ब्रशने काढली.

आता प्रश्न उरला एकच. यूपीएसशिवाय चालवू की मोठा घेऊ? इथे लाइट दिवसातून एखाद वेळा तरी जाते. आणि घरातले म्हणतात टीव्हीला असतो तसा स्टॅबिलायझर लाव.


कॅफेवाला_लातूर:

छान तपासलंत. अर्थिंगचा नवीन खड्डा मात्र टाळू नका. पाणी ओतून मे निघेल, पुढचा उन्हाळा निघणार नाही. पीसीवर खर्च करायचे जे पैसे होते त्यातले पहिले तिकडे.

स्टॅबिलायझरची गरज नाही. तुमचा एसएमपीएस स्वतःच ते काम करतोय, हे दोन संध्याकाळी दिसलं. रिलेवाला स्टॅबिलायझर मध्ये घातला तर आणखी एक टक् टक् करणारा वाढला एवढंच.

यूपीएसचं असं बघा. लाइट गेल्यावर गेम वाचवून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की पुरे. त्यासाठी ११०० व्हीएचा घ्या, पण दुकानात व्हीए विचारू नका, वॅट विचारा. ६०० च्या वर असले पाहिजेत. दुसरं विचारायचं ते आउटपुट प्युअर साइन वेव्ह आहे का. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की पायऱ्यांची वेव्ह देतात, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (भिंतीतून वीज नीट लयीत ओढणारं सर्किट असलेले) काही एसएमपीएस ती सहन करत नाहीत, गुरगुरतात किंवा बंद पडतात. सगळे नाही, पण घेण्याआधी दुकानात तुमचाच पीसी नेऊन, गेम चालू ठेवून, यूपीएसचा प्लग भिंतीतून ओढून दाखवायला सांगा. जो दुकानदार नको म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. बदलाबदलीत चार-आठ मिलिसेकंद जातात. चांगला एसएमपीएस पंधराएक मिलिसेकंद आतल्या कपॅसिटरवर तग धरतो, त्यामुळे तिथे अडचण येऊ नये.

बजेट आत्ता नसेल तर फुकटचा उपाय आहे. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणा, १७० चे १२८ वॅट होतात, आणि फ्रेम त्या प्रमाणात पडत नाहीत, थोड्याच पडतात. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवली तर आणखी कमी. सायबरपंकला १४४ तसेही या कार्डावर मिळत नसणार. मेच्या उकाड्यात खोलीही तेवढी कमी तापेल. तरी एवढं करूनही हा पीसी जुन्या यूपीएसवर परत लावू नका.

जुना यूपीएस फेकू नका. राउटर आणि एक एलईडी दिवा लावा त्यावर, तासन्‌तास चालेल.

आता रॅम. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, टास्क मॅनेजरमध्ये ३२०० दिसतंय ना बघा, आणि मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालू द्या. एकही एरर आला तर एक पाऊल खाली, ३००० वर. हे काम लाइट नक्की राहील अशा रात्री करा. मध्येच गेली तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं.


नागपूरकरीण:

आणि त्या रात्री खोलीत कूलर चालू ठेवा. थंडगार खोलीत पास झालेली रॅम आमच्याकडे मेच्या दुपारी एरर देताना पाहिली आहे, म्हणून एकदा दुपारीही चालवून बघा, कूलर बंद करून.


पूर्णाकाठचा:

पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत निघाल्या, वेग २१३३! फ्रेमरेट भाऊ, हा गुण तुमचा. हलवून एक्सएमपी लावलं, ३२०० दिसतंय. मेमटेस्ट आज रात्री. यूपीएस पगार झाल्यावर, तोवर पॉवर लिमिट ७५ आणि थेट भिंतीत.

कुणाला अकोल्यात खड्ड्याचं काम नीट करणारा माणूस ठाऊक असेल तर व्यनि करा.